शून्य तासांचा दिवा

आयुर्दीप महाराज बजाजनगरात मुक्कामाला आले, तर तात्यासाहेबांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे पुढं चमत्कार सुरू झाल्यावर डोळे दिपले तरी हिशेब चुकणार नाही.

पहिली जमा गर्दीची. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. तात्यासाहेबांनी वाळूजच्या पुढं वाळलेल्या मोसंबीच्या बागा घेतल्या होत्या, त्यांवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या आणि त्या रेघांना ‘गंगासागर सिटी’ असं नाव दिलं होतं. प्लॉट विकायचे तर माणसं जमवावी लागतात, आणि नुसत्या रेघा बघायला उन्हात कोण येतो? दुसरी जमा भक्तीची. ज्याचे दोन्ही हात जोडलेले असतात, तो सातबारा मागायला हात पुढं करत नाही. तिसरी जमा वाचलेल्या खर्चाची. तात्यासाहेबांच्या सभागृहात एक जुना प्रोजेक्टर होता. त्यावर गंगासागर सिटीची फिल्म चालायची. तिच्यात कारंजी, हिरवळ आणि पोहणारी बदकं. बाहेर टँकरपुढं घागरींची रांग आणि आत पडद्यावर बदकं! पण प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झाला होता. ऐन कारंज्याच्या मधोमध ‘दिवा बदला’ अशी इंग्रजीतली लाल पाटी झळकायची. असा दिवा शहागंजच्या बाजारात मिळत नव्हता, मुंबईहून मागवावा लागायचा, आणि त्याची किंमत ऐकून तात्यासाहेबांनी दुकानदाराला “प्रोजेक्टर नाय विचारला, दिवा विचारला” असं सुनावलं होतं.

महाराज हे तिन्ही फुकटात करणार होते.

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली पाळी सुटलेले कामगार तसेच, कंपनीच्या बुटांसकट आले होते. पुढं टेबलावर प्रोजेक्टर. त्याला झेंडूच्या तीन माळा, वर हळदकुंकू, अक्षता, बाजूला उदबत्त्यांचा पुडा एकदमच पेटवलेला. यंत्र नीट दिसतही नव्हतं, गणपती विसर्जनाला निघाल्यासारखं दिसत होतं.

फिल्म सुरू झाली. बदकं पोहायला लागली. लाल पाटी आली. आणि थोड्या वेळानं बदकं, कारंजी, हिरवळ सगळं एका क्षणात विझलं. अंधार झाला. बायांनी पोरं जवळ ओढली.

“घाबरू नका!” माईकवरून आवाज आला. “दिव्याचा प्राण गेला.”

महाराज उठले. गोरेपान, गुटगुटीत, दुष्काळाचा अंगाला कुठं स्पर्श नाही. त्यांनी आधी माळा काढल्या. “प्राणाला परत यायला वाट मोकळी हवी,” असं म्हणाले. मग शंख घेतला आणि प्रोजेक्टरच्या बाजूच्या जाळीला लावून तीनदा असा फुंकला, की पहिल्या रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांत धूळ गेली. ते डोळे चोळू लागले, तर मागच्यांना वाटलं भक्तीनं रडायला लागले. मग जप. सगळ्यांनी म्हणायचा, टाळ्यांच्या ठेक्यात, घसे कोरडे पडेस्तोवर. मधे कुणी थांबलं की महाराज हात वर करून म्हणायचे, “अजून नाही, अजून प्राण दारात उभा आहे.”

शेवटी त्यांनी यंत्रावर भगवी शाल टाकली, शालीखाली हात घातले, डोळे मिटले. घर्रर्र करून पंखा फिरला. पडदा उजळला. आणि पडद्यावर, कारंज्याच्या आधी, पांढऱ्या अक्षरांत उमटलं: लॅम्प अवर्स, शून्य.

मघाशी तिथं चार हजाराच्या घरातला आकडा होता, तो सगळ्यांनी पाहिला होता. लाल पाटीही गेली. सभागृहात असा जयघोष झाला, की बाहेर टँकरवाल्यानं नळी सोडून आत धाव घेतली आणि दोन घागरींचं पाणी रस्त्यावर वाहिलं. चमत्काराचा पहिला खर्च तो.

“बाळांनो!” महाराज म्हणाले. “दिवा म्हणजे काय? काचेत कोंडलेला प्राण. प्राण म्हणजे काय? फ्रीक्वेन्सी! शास्त्रज्ञ म्हणतात दिवा अमुक तास जळणार. कंपनी म्हणते बदला. डॉक्टर म्हणतो गोळी वाढवा. सगळे आकड्याचे गुलाम. मी आकडाच पुसतो. यंत्राचं वय मी शून्यावर आणलं. मग माणसाचं आणता येणार नाही का?”

आता इथं बजाजनगराबाहेरच्या वाचकाला वाटेल, एवढ्यावर माणसं फसली? तर थोडं थांबा. आमच्याकडं निम्मी घरं प्रेस-मशीनवर जगतात. पत्रा कापणाऱ्या टूलला काउंटर असतो. ठोक्यागणिक आकडा चढतो. ठरलेला आकडा झाला की टूल उतरवतात, टूल-रूममध्ये धार लावतात, परत चढवतात आणि काउंटर शून्य करतात. शून्य दिसलं की टूल नवं. वर्षानुवर्षं हेच पाहिलेलं. कीर्तनकाराचं आमचा कामगार अर्ध्या कानानं ऐकतो, बायकोचं तेवढंही ऐकत नाही, पण मीटरवर शून्य दिसलं की त्याचा संशय मिटतो. महाराजांना देव माहीत होता की नाही, देव जाणे. आमचं शून्य मात्र त्यांना बरोबर माहीत होतं.

त्या जयघोषात सर्वांत मोठा आवाज सोनाजीचा होता.

सोनाजी प्रेस-शॉपमधला जुना ऑपरेटर. बाप मेंढरं राखायचा. यानं मेंढरं विकून शहर धरलं, आणि त्या साऱ्या कळपाची आठवण म्हणून खोलीमागं एक शेळी बांधलेली, चंद्री. सोनाजीला साखरेचा आजार. रोज इन्सुलिनची सुई. फ्रिज नव्हता, म्हणून त्याची बायको बानाबाई इन्सुलिनच्या बाटल्या एका छोट्या माठात, ओल्या वाळूत ठेवायची. पाण्याची इतकी मारामार असताना त्या वाळूवर ती रोज न चुकता तांब्याभर पाणी शिंपडायची. शेजारणी हसायच्या, “बानाबाईनं माठात काय पेरलंय?” ती म्हणायची, “आमच्या मालकाला पेरलंय.”

पुढच्या गुरुवारी महाराजांनी माणसांचे काउंटर शून्य करायला घेतले. माणसाचं रीसेटचं बटण कुठं असतं, हे शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही. महाराजांना सापडलं होतं. ते बेंबीत होतं. चांगले मिशाळ, कर्ते पुरुष सदरे वर करून रांगेत उभे! ज्यांनी गंगासागर सिटीत बुकिंग केलं होतं, त्यांच्या बेंब्या आधी. सोनाजीनं बुकिंग केलेलं नव्हतं, त्यामुळं त्याचा नंबर शेवटी आला. महाराजांनी डावा हात कपाळावर ठेवला, उजव्या अंगठ्यानं बेंबी दाबली आणि म्हणाले, “झालास शून्य. आता सुया बंद. नव्या यंत्राला जुनं तेल घालायचं नाही.”

सोनाजी घरी आला, बाटल्या गटारात रिकाम्या केल्या, माठातली वाळू झटकली आणि माठात पाणी घालून तो चंद्रीपुढं ठेवला. “पी बाई, आता तुझा हाय.”

पुढच्या बुधवारी सुकेशनी मॅडम टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. मॅडम शाळेत विज्ञान शिकवतात, राहायला सोनाजीच्या भिंतीला भिंत लावून. बोलणं तुटक आणि हसणं त्याहून तुटक. त्यांच्या पुढं बानाबाई. तिच्याजवळ नेहमीपेक्षा दोन घागरी जास्त.

“पाहुणे आलेत का मावशी?”

“कुठले पाहुणे मॅडम! ह्येच पिऊ राहिले. तांब्यामागं तांब्या. आन् तितक्याच चकरा संडासला. रातभर दार वाजतंय.”

मागून शेजारची भागूबाई म्हणाली, “सोनाजीभाऊला सांगा जरा, दोन घरचं पाणी एकटाच पितोय. दुष्काळ हाय, का रसवंती?”

सुकेशनी मॅडमनी घागर खाली ठेवली. “सुई घेतात ना ते?”

बानाबाई हळूच म्हणाली, “शून्य झालेत.”

मॅडम तशाच सोनाजीच्या खोलीत गेल्या. तो खाटेवर पडला होता. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, तोंडावर हसू.

“सोनाजीभाऊ, दवाखान्यात चला. आत्ता.”

“कशाला मॅडम? उन्हाळा हाय, तहान लागतीच.”

“ही साखरेची तहान आहे. अशानं माणूस बेशुद्ध पडतो. पुढं काय होतं ते मावशीसमोर बोलत नाही.”

“त्ये जुन्या काउंटरला व्हायचं. माझा शून्यावर हाय.” त्यानं अभिमानानं बेंबीकडं बोट केलं. “मॅडम, म्या माझ्या डोळ्यानं पडद्यावर आकडा पाह्यला. तुमी शिकलेले, पण पाह्यलेलं खोटं कसं म्हनू?”

बानाबाई दारात उभी होती. “अहो, चला ना एकदा. माझं ऐका.”

“तू शेळीकडं बघ.”

मॅडमनी त्याच्या पायाकडं पाहिलं. करंगळीजवळ बुटानं चावलेली जखम होती, काळसर पडलेली. सोनाजीला तिचा पत्ताही नव्हता. मॅडम म्हणाल्या, “बरं. उद्या गुरुवार. सभागृहात मी पडद्यावरचं ते शून्य तुमच्या डोळ्यांदेखत खोटं ठरवलं, तर तिथूनच दवाखान्यात चलाल?”

“आन् नाय ठरलं तर?”

“तर मी बेंबी दाबून घेते.”

सोनाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. “व्हय, ठरलं.” बानाबाई मात्र हसली नाही. ती मॅडमकडं अशी पाहत राहिली, जशी टँकरच्या नळीकडं पाहतात.

गुरुवारी सभागृह पुन्हा भरलं. माळा चढल्या, उदबत्त्या धुमसल्या, बदकं पोहली आणि ठरल्याप्रमाणं अंधार झाला. महाराज शंखाला हात घालणार, तोच सुकेशनी मॅडम टेबलापाशी उभ्या.

“महाराज, आज मला करू द्या. शाळेत आमच्याकडंही असाच एक देव आहे.”

तात्यासाहेब पुढं सरसावले. “ओ मॅडम, कार्यक्रम चालू हाय. खाली बसा.”

“तात्यासाहेब, देवाचं कार्य कुणी केलं म्हणून बिघडतं का?”

मागून कुणीतरी ओरडलं, “करू द्या की! मॅडम हायती, करंट लागून मेल्या तर महाराज शून्य करतील!” हशा पिकला आणि तात्यासाहेबांना माघार घ्यावी लागली.

मॅडमनी माळा काढल्या. शंख बाजूला ठेवला. वायर तशीच राहू दिली, पंखा आतल्या आत फिरत होता. “आता आपण जप करायचा,” त्या म्हणाल्या. “दोनाचा पाढा, तिनाचा पाढा. यंत्र गार होईपर्यंत.” आणि सगळं सभागृह खरोखर पाढे म्हणायला लागलं. तिसाच्या पाढ्याशी निम्मे गळाले, पण यंत्र तोवर गार झालं होतं. मॅडमनी शाल घेतली नाही. सगळ्यांना दिसेल अशी दोन बटणं एकदम दाबून धरली. पडदा उजळला. आधी महाराजांच्या शून्यानंतर जमलेले तास दिसले. मॅडमनी पुन्हा एक बटण दाबलं. शून्य.

पहिल्या रांगेतली वच्छलाबाई उठली आणि तिनं सुकेशनी मॅडमच्या पायावर डोकं ठेवलं. “माते!”

तिच्यामागं आणखी चार उठल्या. एकानं तर सदरा वर करायलाही घेतला.

“खाली बसा!” मॅडम वर्गातल्यासारख्या ओरडल्या. “सदरा खाली! मी बटण दाबलंय, बटण! कुणालाही दाबता येतं. वच्छलाबाई, या, दाबा तुम्ही.”

वच्छलाबाईनं पदराला बोट पुसून बटण दाबलं. पुन्हा शून्य. “अगं बया,” ती म्हणाली, “मला बी येतंय!” आणि देव एका क्षणात तिच्या नजरेतून उतरला. मग रांगच लागली. चार जणांनी येऊन यंत्राला पुनर्जन्म दिला.

महाराज हसले. मुरलेला माणूस. “बाळांनो, आकडा कुणीही पुसेल. पण विझलेला दिवा पुन्हा पेटला, तो कुणामुळं?”

मॅडमनी यंत्राच्या बाजूचं झाकण काढलं आणि आतली जाळी बाहेर ओढली. टेबलावर पांढरा कागद अंथरून ती आपटली. धूळ, उदबत्तीची राख, हळद, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. अख्खं पूजेचं ताट पडलं.

“प्राण इथं अडकला होता. या दिव्याला भट्टीसारखी धग असते. पंखा हवा ओढतो म्हणून तो तगतो. तुम्ही हवेची वाट माळांनी बुजवली, राखेनं भरली. यंत्र तापलं की जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतं, आणि गार झालं की परत लागतं. महाराजांचा जप कशासाठी लांबतो? गार व्हायला वेळ लागतो म्हणून. शंख कशाला? धूळ उडवायला. आमच्या शाळेतली जाळी पोरं दर शनिवारी झटकतात. काम झालं की पंखा थांबेपर्यंत आम्ही वायर उपटत नाही, प्रकाश बारीक ठेवून भागत असेल तर बारीक ठेवतो, सारखं चालू-बंद करत नाही. म्हणून आमचा दिवा टिकलाय. पण त्याचीही मुदत संपणार, आणि त्या दिवशी तो बदलावा लागणार. काउंटर खोडल्यानं आतली काच नवी होत नाही.”

मग त्या वळल्या. “सोनाजीभाऊ, उभे राहा. टूलचा काउंटर शून्य कधी करता?”

सोनाजी भिंतीला टेकून उभा राहिला. “धार लावून आलं की.”

“आधी शून्य का आधी धार?”

“आधी धार, मॅडम. कुणी बी सांगल.”

“आणि धार न लावता नुसतं शून्य केलं तर?”

“मग...” सोनाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. “मग आकडा नवा आन् टूल बोथट. पत्रा फाटतो. एखाद्या टायमाला टूलमधला पोलादी पंच फुटून तोंडावर येतो. आमच्या शॉपमधल्या पुंडलिकाचा डोळा तसाच गेला.”

“तुमचा काउंटर महाराजांनी शून्य केला. धार कुणी लावली?”

प्रेस-शॉपवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सदऱ्याची शेवटची बटणं ज्यांची अजून उघडी होती, त्यांनी ती लावली. सोनाजी आपल्या बेंबीकडं पाहत होता, आणि त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं.

इथं महाराज गप्प बसले असते, तर त्यांचं निम्मं तरी वाचलं असतं. पण तात्यासाहेब दात-ओठ खात होते आणि पुढच्या रांगेत बुकिंगवाले कुजबुजायला लागले होते. “पाखंड!” महाराज गरजले. “माझं शून्य वेगळं आहे!” त्यांनी तापलेल्या यंत्राची वायर खस्सकन उपटली, पुन्हा खुपसली, पुन्हा उपटली, पुन्हा खुपसली.

“अहो, गरम आहे, नका—” मॅडम ओरडल्या.

फट्!

सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. काचेचे तुकडे यंत्राच्या पोटात खळखळले आणि जाळीच्या उघड्या जागेतून वाफ आली.

“सगळे बाहेर! यात पारा असतो, वाफ नाकात घेऊ नका! खिडक्या उघडा!”

दारातून सर्वांत आधी कोण बाहेर पडलं, हे आमच्याकडं आजही पोरांना कोड्यासारखं विचारतात. आयुष्य वाढवणारे महाराज. शाल मागं राहिली, खडावा मागं राहिल्या. तात्यासाहेबांच्या ड्रायव्हरनं नंतर ओळख पटवली. पूर्वाश्रमी हे चिकलठाण्याच्या एका मंगल कार्यालयात लग्नाचे व्हिडिओ दाखवायचे. दिवा कधी विझतो आणि कधी पेटतो, ही त्यांची सारी तपश्चर्या तिथली.

बाहेर टँकरपाशी सोनाजी खाली बसला होता. त्यानं बायकोकडं हात केला.

“बाने, पाणी दे. आन् मंग चल.”

“कुठं?”

“धार लावायला.”

दवाखान्यात बोटाला सुई टोचून साखर मोजली. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. त्याला मोजता येतं त्याच्या वर साखर गेली होती. ज्या माणसानं जन्मभर आकड्यावर विश्वास ठेवला, त्याच्यापुढं आकड्यानंच हात टेकले. मोठ्या दवाखान्यात हलवलं. सोनाजी वाचला. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. डॉक्टर सुकेशनी मॅडमना म्हणाले, “आणखी एक दिवस गेला असता, तर बोटांचं बोलायलाच कुणी उरलं नसतं.”

आता मिळवणी करू.

तात्यासाहेबांचा प्रोजेक्टर गेला. पण पुढच्या वर्षी त्यांनी टीव्ही घेतला. बदकं अजून पोहतायत, फक्त जास्त ठळक. महाराजांची शाल आणि खडावा गेल्या. कुठल्यातरी जिल्ह्यात ते नव्या नावानं, बहुतेक नव्या यंत्रासह बसले असतील. प्रेस-शॉपवाल्यांची थोडी अब्रू गेली, आणि बेंबी शब्द उच्चारला की ते आजही विषय बदलतात. सुकेशनी मॅडमचं काही गेलं नाही. फक्त वच्छलाबाई अजून त्यांना मधूनच हात जोडते, आणि त्या दर वेळी तिला शाळेत नेऊन जाळी झटकायला लावतात.

वाचकहो, एवढंच सांगणं आहे. दिवा असो की देह, त्याला हवा लागते, निगा लागते, वेळेवर औषध लागतं. आणि मुदत संपली की जे बदलायचं ते बदलावं लागतं. हे काम खर्चाचं आणि कंटाळ्याचं असतं, त्यात शंख वाजत नाही. म्हणून कुणी शून्य दाखवलं, तर हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा: धार कुणी लावली?

राहता राहिला दवाखान्याचा, औषधांचा, नव्या इन्सुलिनचा खर्च. तो ना महाराजांनी दिला, ना गंगासागर सिटीनं.

सोनाजी कुबडी टेकत घरी आला, तेव्हा छोटा माठ पुन्हा जागेवर होता, वाळू ओली होती, बाटल्या आत होत्या. खोलीमागचा खुंटा रिकामा होता. बानाबाईनं चंद्री विकली होती.